जळगावची फंड शाखा, कंपनी घसरणीला लागलेली: नोकरी घ्यावी का?

कंपनीचं नाव देत नाही. म्युच्युअल फंडाची जळगाव शाखा, रिलेशनशिप मॅनेजरची जागा. पाचपैकी अडीच.

जाहिरातीत काम विक्रीचं असतं, पण दिवस जातो रिडेम्प्शन, म्हणजे ग्राहकांचं पैसे काढून घेणं, थोपवण्यात. योजना दोन-तीन वर्षं बाजाराच्या निर्देशांकाच्या मागे राहिल्या की वितरक, म्हणजे फंड विकणारे एजंट, वाद घालत नाहीत. एक्झिट लोडचं (लवकर पैसे काढल्यास कापल्या जाणाऱ्या शुल्काचं) वर्ष संपलं की गुपचूप पैसे दुसऱ्या फंडात हलवतात. समजा, महिन्यात दोन कोटी आणले आणि अडीच कोटी गेले. टार्गेट पुरं, इन्सेन्टिव्ह शून्य, कारण तो नेट विक्रीवर, म्हणजे आलेल्यातून गेलेले वजा करून, मिळतो. ऑफर लेटरमधली ती ओळ नीट वाचा.

व्यवस्थापन शुल्क मालमत्तेच्या टक्क्यांत, रोजच्या एनएव्हीतूनच (युनिटच्या किमतीतूनच) कापलं जातं. म्हणजे मालमत्ता घटली की कंपनीची कमाई लगेच घटते आणि पहिली कात्री लहान शाखांवर चालते. ऑपरेशन्सचा माणूस गेला की जागा भरत नाहीत. धुळे-नंदुरबारही जळगावच्याच गळ्यात येतं. भुसावळहून पावणेतीनला आलेला फॉर्मही तुम्हीच तपासायचा: सही जुळते का, पॅन आणि केवायसीतलं नाव एकच आहे का. तीनच्या आत फॉर्म आणि पैसे दोन्ही पोचले नाहीत तर त्या दिवसाची एनएव्ही हुकते, आणि वितरकाचा फोन तुम्हालाच येतो.

एसआयपीचं, म्हणजे ठरावीक हप्त्याने गुंतवणुकीचं, दुखणं वेगळं. कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो, जूनमध्ये तो बी-खतात जातो. मासिक हप्ता सलग तीनदा बाउन्स झाला की एसआयपी आपोआप रद्द. शेतकरी ग्राहकाला तिमाही हप्ता सुचवा, किंवा कापसाची पट्टी (विक्रीचे पैसे) मिळाल्यावर एकरकमी.

शिकायला मात्र इथे भरपूर मिळतं. अमळनेरला तर ग्राहकच तुमची परीक्षा घेतो. विप्रोची सुरुवात 1945 साली तिथलीच, आणि अनेक घरांत ते शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. तिथे थापा चालत नाहीत. वरून मात्र 'दहा रुपयांचं युनिट स्वस्त' म्हणून एनएफओ (नवी योजना) खपवायचा दबाव येतो. ते साफ खोटं आहे, विकू नका. त्याच गावात पुढची वीस वर्षं तोंड दाखवायचंय.

मुलाखतीत विचारा: गेल्या बारा महिन्यांची शाखेची नेट विक्री, चालू एसआयपी किती, आणि पहिल्या तीन वितरकांकडे शाखेची किती टक्के मालमत्ता आहे. एकाकडेच तिसरा हिस्सा असेल तर तो गेला की शाखा बंद. प्रवासखर्च किती दिवसांनी मिळतो, हे मात्र साहेबाला नको, शाखेतल्या माणसाला चहाला नेऊन विचारा.