मार्केट थिएटर, जोहान्सबर्ग : बाजारातले नाट्यगृह

जोहान्सबर्गच्या न्यूटाऊन भागातील मार्केट थिएटर ही मुळात भारतीय फळबाजाराची इमारत, आणि बार्नी सायमन व मॅनी मॅनिम या रंगकर्मींनी 1976 साली, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीय वस्तीतील विद्यार्थ्यांच्या वर्णभेदविरोधी उठावाला जेमतेम आठवडा झालेला असताना, तिचे नाट्यगृह केले. वर्णभेदाचे कायदे लागू असतानाही इथे कृष्णवर्णीय आणि गोरे प्रेक्षक एकत्र बसत, हे लक्षात ठेवूनच आत पाऊल टाकावे. मुख्य रंगमंचाला आज दक्षिण आफ्रिकेतील नट जॉन कानी यांचे नाव आहे. तिथे बसल्यावर नजर आधी वर, जुन्या बाजाराच्या उंच छताकडे जाते, आणि मग समोरच्या जवळजवळ रिकाम्या मंचावर स्थिरावते.

हा रिकामेपणाच मला इथल्या नाट्यपरंपरेचे खरे बळ वाटतो. 1981 मध्ये इथे झालेल्या ‘वोझा अल्बर्ट!’ या नाटकात दोनच नट डझनावारी पात्रे उभी करत. गोऱ्या माणसाची भूमिका आली, की नाकावर गुलाबी अर्धगोल चढवला आणि झाले. आगगाडीसुद्धा ते तोंडाने आणि अंगाने उभी करत. नेपथ्यावर पैसा ओतणाऱ्या आपल्या निर्मात्यांनी हे एकदा तरी अभ्यासावे.

नव्या नटांसाठी 1989 पासून संस्थेची प्रशिक्षण शाळाही आहे. जोहान्सबर्गला जाणाऱ्याने प्रयोगाची वेळ आधी पाहून एक संध्याकाळ इथे जरूर राखून ठेवावी, आणि तिकीट शक्यतो पुढच्या रांगेचे काढावे, कारण इथल्या अभिनयात नटाचा श्वासही ऐकण्यासारखा असतो.