टेनिसचे बूट: दीडशे तास खेळून झाल्यावर

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दीड तास, बहुतेक खेळ हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या टणक कोर्टवर. असे आठ महिने हे बूट वापरले, म्हणजे साधारण दीडशे तास झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते, तर ‘घेऊ नका’ असं लिहिलं असतं.

याआधी मी पळायचे बूट घालून खेळायची. मऊ, हलके, पाय घातला की गादीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. एका सकाळी डावीकडच्या कोपऱ्यातला बॉल गाठला, डावा पाय रोवून परत फिरायला गेले आणि बुटाच्या आत पाय बाहेरच्या कडेवर कलंडला. घोटा मुरगळला, तीन आठवडे खेळ बंद. पळायचा बूट सरळ पुढे जायला केलेला असतो, त्यामुळे टाचेखाली उंच, मऊ फोम चालतो. टेनिसमध्ये मात्र सारखं आडवं धावायचं, थांबायचं आणि उलट वळायचं. सिंगल्सचं कोर्ट 8.23 मीटर रुंद असतं आणि प्रत्येक रॅलीत ते पुन्हापुन्हा कापावं लागतं. अशा वेळी मऊ फोम एका कडेला दबतो आणि घोटा त्याच्या मागोमाग जातो.

म्हणून या वेळी बूट पायात घालण्याआधी हातात घेऊन तपासला. टाचेमागची कड अंगठ्याने जोरात दाबली, ती आत गेली नाही. दोन्ही टोकं धरून वाकवला, तेव्हा चवड्यापाशी वाकला, मधोमध नाही. ओला कपडा पिळतो तसा पिळून पाहिला, जेमतेम हलला. करंगळीच्या बाजूला तळाचं रबर वर चढवलेलं होतं, पाय बाहेर कलंडू नये म्हणून. दुकानात गेले ते मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजेही खेळताना घालते तेच जाड घातले आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडली. माझा चवडा रुंद आहे. बायकांसाठीचे बूट बहुधा अरुंद साच्यावर बेततात, म्हणून मी सरळ पुरुषांचा जोड घेतला. हा निर्णय सगळ्यात बरोबर ठरला.

पहिले दोन आठवडे त्रास झाला. बूट ताठ, करंगळीपाशी चावायचा, जडही वाटायचा. रोज अर्धा तास घरात घालून फिरले. तिसऱ्या आठवड्यात तो पायाला रुळला आणि मग थांबून वळताना पाय आत हलेनासाच झाला. इतक्या महिन्यांत घोटा एकदाही दगा देऊन गेला नाही. माझ्यासाठी आराम म्हणजे हाच.

एक गोष्ट मात्र शिकावी लागली. सुरुवातीला टाच किंचित उचलली जायची, पाय पुढे सरकायचा आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. बुटाला सगळ्यात वर जे जादा भोक असतं, त्याचा उपयोग तेव्हा कळला. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओवायची आणि मग खाली, टाचेच्या दिशेने ओढून गाठ मारायची. टाच जागची हलत नाही. नवं नख आता नीट येतंय.

तिसऱ्या महिन्यात पायाच्या कमानीला आधार म्हणून वेगळं इनसोल घेतलं. आधीचं न काढता वर घातलं, तर पाय वर उचलला गेला आणि टाच पुन्हा सैल. जुनं काढून नवं घातल्यावर बरं वाटलं, सकाळी उठल्यावर तळव्यात येणारी कळ थांबली. कोणाला इनसोल घ्यायचंच असेल, तर ते घालूनच बुटाचं माप बघा.

तक्रारी दोन. उन्हात पाय फार तापतो, जाळी नावालाच आहे. आणि उजव्या बुटाची झीज. सर्व्ह करताना माझा मागचा पाय, म्हणजे उजवा, घासत पुढे येतो. त्या बुटाच्या अंगठ्याकडची कड खरवडून निघालीय आणि चवड्याखालची माशाच्या काट्यासारखी नक्षी रुपयाएवढ्या भागात पार गुळगुळीत झालीय. हार्ड कोर्टवर धूळ असली की तिथूनच घसरायला होतं. डावा बूट अजून छान आहे.

दोनदा मातीच्या कोर्टवरही नेले. नक्षीत माती अडकून बसते, सारखे झटकावे लागतात. त्या कोर्टसाठी पूर्ण तळभर माशाच्या काट्यासारखी नक्षी असलेला बूटच बरा.

सहाव्या महिन्यापासून खेळल्यावर गुडघे भरून येऊ लागले. बाजूने पाहिलं तर टाचेखालच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडलेल्या, बोटाने दाबला तर पूर्वीसारखा परत वर येत नाही. तळ बाहेरून धड दिसला तरी आतला फोम बसलेला असतो. त्यामुळे या महिन्यात नवा जोड घेतेय. मॉडेल हेच, माप हेच, फक्त या वेळी दुकानात जाताना इनसोल पिशवीत टाकून नेणार आहे.