कुलूप लावायचं की शेजारी बसायचं? टीव्हीवरची शिवराळ भाषा, चावट दृश्यं आणि आईबाबांपुढचे पर्याय

मोजा सापडत नव्हता म्हणून माझ्या सहा वर्षांच्या मुलीने चारचौघांत उच्चारू नये असा एक शब्द अगदी सहज वापरला. ती चिडलेली नव्हती. आदल्या आठवड्यात पाहिलेल्या विनोदी कार्यक्रमातलं एक पात्र वस्तू सापडली नाही की कपाळावर हात मारायचं, तो शब्द म्हणायचं आणि मागे हशा वाजायचा. तिने शब्दाबरोबर ती लकबही उचलली होती: आधी हात कपाळावर, मग शब्द, मग हशासाठी क्षणभर थांबणं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकेक उपाय करून पाहिला. ज्या आईबाबांना आता ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी ते उपाय शेजारी शेजारी मांडते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. शिवराळ भाषा आणि चावट दृश्यं या दोन तक्रारी आपण एका दमात सांगतो, पण मुलांवर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. शब्द लगेच जिभेवर येतो, कानाला कळतो, म्हणून निदान त्यावर बोलता तरी येतं. दृश्य आत जाऊन बसतं. मूल काही विचारत नाही, कारण आईबाबांचा चेहरा पाहून त्याला कळलेलं असतं की हे विचारायचं नसतं. तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त त्रास देतो. जाड माणसाला, तोतऱ्याला, बायकोला किंवा सासूला पाणउतारा करून हसवणारे आणि द्व्यर्थी बोलणारे कार्यक्रम. त्यांत एकही शिवी नसते, कपडे अंगभर असतात आणि ते ‘सहकुटुंब’ म्हणूनच दाखवले जातात.

पिन आणि वयाचा शिक्का

बहुतेक घरं इथूनच सुरुवात करतात, आणि लहान मुलं असतील तर करावीच. भारतात २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीसाठी पाच गट ठरवून दिले: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. त्यातल्या १३+ आणि वरच्या कार्यक्रमांना पालकांच्या कुलपाची सोय हवी, तर ए गटासाठी वयाची विश्वासार्ह पडताळणी हवी. अमेरिकेत हे आधीच घडलं होतं. १९९६च्या दूरसंचार कायद्याने टीव्ही संचातच शिक्का पाहून कार्यक्रम अडवणारी ‘व्ही-चिप’ बसवण्याची सक्ती केली आणि २०००पासून १३ इंच व त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या संचात ती आली.

शिक्का वाचताना वयाच्या आकड्यावर थांबू नका. त्यामागचं कारण पाहा. अमेरिकी पद्धतीत आकड्याबरोबर अक्षरं असतात: एल म्हणजे शिवराळ भाषा, एस म्हणजे लैंगिक दृश्यं, व्ही म्हणजे हिंसा आणि डी म्हणजे सूचक, द्व्यर्थी संवाद. नेदरलँड्समधल्या ‘काइकवायझर’ पद्धतीत हीच माहिती छोट्या चित्रांतून मिळते. एखाद्या घराला शिवी चालते पण मारहाण चालत नाही, तर दुसऱ्या घरात नेमकं उलटं असतं. नुसत्या १३+ वरून हा निर्णय घेता येत नाही.

कुलपाची मर्यादा मात्र मोठी आहे. ज्याला शिक्का आहे तेच ते अडवतं. अमेरिकी पद्धतीत बातम्या, खेळ आणि जाहिराती यांना शिक्काच नसतो. चर्चेत एकमेकांवर ओरडणारी मोठी माणसं असोत किंवा सामन्याच्या मध्यंतरातली भडक जाहिरात असो, ते सगळं कुलपाशेजारच्या उघड्या खिडकीतून आत येतं. शिवाय अनेक घरांत मुलांच्या प्रोफाइलला मर्यादा असते आणि मोठ्यांचं प्रोफाइल उघडं असतं. आमच्याकडे मोठ्यांच्याही प्रोफाइलला पिन होता, पण मुलगी सोफ्याच्या हातावर बसून माझा अंगठा कसा फिरतो ते पाहत होती: वर, वर, डावीकडे, मधलं बटण. चार दिवसांत तिला पिन पाठ झाला.

वेळेची रेघ

ब्रिटनमध्ये मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम रात्री ९ ते पहाटे ५:३० याच वेळेत दाखवण्याचा नियम आहे. अमेरिकेत नभोवाणी आणि खुल्या वाहिन्यांवर असभ्य मजकूर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत चालत नाही, पण केबल वाहिन्या त्या बंधनाबाहेर आहेत. कुटुंब एका पेटीसमोर बसायचं तेव्हा ही रेघ कामाची होती. हवं ते हवं तेव्हा लावता येऊ लागल्यावर तिचा आधार उरला नाही. घरापुरती मात्र ती अजून उपयोगी पडते: मोठ्यांचे कार्यक्रम मुलं झोपल्यावर, आणि तेही दार लोटून. हा उपाय फुकटचा आहे आणि त्यात कोणावर अविश्वास दाखवावा लागत नाही. मोठी मुलं उशिरापर्यंत जागी राहू लागली की तो आपोआप संपतो.

टीव्हीच बंद

दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी निवड करायची वेळच येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार या वयात पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. त्यापुढे सरसकट बंदी मला पटत नाही. मूल मित्राकडे पाहतं, मावशीच्या फोनवर पाहतं, आणि बंदी असल्यामुळे पाहिलेलं घरी सांगत नाही.

शेजारी बसणं

हा उपाय सगळ्यात महाग आहे, कारण तो तुमचा वेळ मागतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पॅटी व्हाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये पालकांच्या पद्धतींचे तीन भाग केले: बंधन घालणं, समजावून सांगणं आणि नुसतं सोबत पाहणं. शेवटच्या दोघांत फरक आहे, आणि तिथेच आमची चूक झाली होती. त्या विनोदी कार्यक्रमाच्या वेळी मी शेजारीच होते आणि हसलेही होते. माझं हसणं हीच मुलीसाठी परवानगी होती.

आता आम्ही बोलतो, पण थोडंच. व्याख्यान सुरू झालं की मूल उठून जातं. ‘त्याच्या जाडीवर सगळे हसले, त्याला कसं वाटलं असेल?’ एवढं पुरतं. प्रणयाचं दृश्य आलं की पूर्वी माझा हात रिमोटकडे झेपावायचा आणि त्या झेपेनेच मुलीचं लक्ष तिकडे जायचं. आता मी म्हणते, ‘हे मोठ्यांचं आहे, पुढे जाऊ या,’ आणि त्याच आवाजात पुढे ढकलते. तिने विचारलं तर दोन वाक्यांत खरं उत्तर देते. सुरुवातीला जीभ अडखळली. तिसऱ्या-चौथ्या वेळी सोपं गेलं.

मग कोणी काय निवडावं?

मूल सात-आठच्या आत असेल आणि टीव्हीजवळ बराच वेळ एकटं असेल, तर कुलूप आधी. आजी-आजोबा सांभाळत असतील तर त्यांना पिन सांगा, आणि तो का लावला आहे तेही सांगा. नाहीतर नातवाच्या हट्टापुढे तो पहिल्याच दुपारी उघडतो. तुमची मुख्य तक्रार चावट दृश्यांची असेल तरी कुलूप बरंच काम करेल, कारण त्यांवर शिक्का सहसा असतो. तक्रार भाषेची किंवा पाणउताऱ्याची असेल, तर मात्र कुलपावर पैसा आणि जीव खर्च करू नका. आठवड्यातले दोन कार्यक्रम ठरवून शेजारी बसा. मूल दहा-बाराच्या पुढे गेलं असेल, तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

दोन मुलांत पाच-सहा वर्षांचं अंतर असेल तर धाकट्याच्या वयाचा नियम दोघांना लावू नका. मोठ्याला स्वतंत्र प्रोफाइल द्या, त्याचा पिन त्यालाच ठरवू द्या, आणि धाकटा खोलीत आला की कार्यक्रम थांबवण्याची जबाबदारी त्याच्याकडे सोपवा. आमच्या भाच्याने ती इतकी मनावर घेतली आहे की आता मीच काही पाहत असले आणि मुलगी आत आली, तर रिमोट आधी तोच उचलतो.