उतारा झाकून ठेवा, तरी चार बरोबर

नातीसाठी नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीचं भाषेचं पुस्तक आणलं, २२० रुपयांना. प्रकाशकाचं नाव घेत नाही. कागद बरा आहे, अक्षर टपोरं आहे. शेवटी ओएमआर पत्रिका दिल्यात, त्यामुळे उत्तराचे गोल नीट काळे करायची सवय तरी लागली. कौतुक संपलं.

परीक्षेत भाषेचे ४ उतारे, प्रत्येकावर ५ प्रश्न, एकेक प्रश्न सव्वा गुणाचा. १०० पैकी २५ गुण इथेच, म्हणून रोज दिवेलागणीला तिच्यासोबत बसतो. माझी उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. छापलंय म्हणून बरोबर, असं मला वाटतच नाही. परवा झाडावरचा उतारा वर्तमानपत्राने झाकला आणि नुसते प्रश्न सोडवले. 'झाडांपासून आपल्याला कोणता वायू मिळतो?' आता याला उतारा कशाला हवा? पहिले चार बरोबर आले. पाचवा शीर्षकाचा. त्याच्यासाठी मात्र उतारा उघडून दोनदा वाचला, आणि तेवढाच चुकला! अख्खा उतारा देवळापुढच्या एका वडाबद्दल, मी 'आमचा वड' धरलं. उत्तरसूचीत 'पर्यावरणाचे महत्त्व'.

खरी गंमत पुढच्या पानावर. एक म्हातारी पहाटे विहिरीवर जाते, पोहरा रिकामाच वर येतो, ती काठावर बसून राहते. प्रश्न : ती का बसली? पर्याय : थकली म्हणून, दुःखी झाली म्हणून, पाणी साचायची वाट बघत, घरचा रस्ता विसरली म्हणून. नातीने लगेच तिसरा धरला. बरोबरच आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये झऱ्याचं पाणी तळाशी साचेपर्यंत बायका घागरी घेऊन तासतासभर बसतात; ही स्वतः आईबरोबर बसलीय. सूचीत उत्तर दुसरं : दुःखी. उतारा पुन्हा धुंडाळला. दुःखाचा शब्द कुठे नाही, डोळ्यांत पाणी नाही, साधा सुस्कारासुद्धा नाही. उत्तर असंच का, हे सांगणारी एक ओळही पुस्तकात नाही.

पाचपैकी दोन तारे, तेही ओएमआरचे. दुकानदार म्हणाला, पेन्सिलीच्या खुणा आहेत, परत घेणार नाही.

"आबा, मग परीक्षेत हाच प्रश्न आला तर?" नातीने विचारलं.

"दुसरा गोल काळा कर," मी म्हणालो.

तिने केला. मग पुस्तकात तिसऱ्या पर्यायाखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली.