बीए करताना: एकच विषय की चौफेर अभ्यास?

१८८५ पासून चालू असलेल्या पुण्याच्या फर्ग्युसनसारख्या कॉलेजात अर्थशास्त्र स्पेशल घेतलं की वाट आखलेली असते. पाया पक्का होतो, एमएला जाताना अडत नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रश्नपत्रिका, गाइडं सगळं मिळतं.

आंतरविद्याशाखीय सामाजिक शास्त्रांत मात्र गाइडं कामाची नाहीत. तिथे एकच प्रश्न चारही बाजूंनी सोलतात. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घ्या. धरण का फुटलं, एवढ्यावर भागत नाही. नदीकाठच्या पेठांत कोण राहत होतं, गोखलेनगरला पूरग्रस्तांची वसाहत कशी उभी राहिली, भाडेकरूंच्या हाती काय लागलं? इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, सगळं एकाच निबंधात. पुढच्या आठवड्यात नवा विषय, नवा निबंध. शिवाय वर्गात आपलं म्हणणं सगळ्यांसमोर मांडून टीका ऐकायची. (पुणेकरांना दुसऱ्यावर करायची सवय असते, ऐकायची नाही.)

धोकाही आहे. गणिताचा सराव सुटला तर पुढे अर्थशास्त्रातल्या एमएची प्रवेश परीक्षा जड जाते. खासगी विद्यापीठात फी तर विचारूच नका.

तरी वाचनाचं वेड असेल तर मी दुसरी वाट सुचवेन. भाचीची वही परवा चाळली: एका पानावर मार्क्स, पाठीमागे कात्रजच्या पेशवेकालीन नळांचा नकाशा.