पावसाच्या पाण्याच्या टाकीवरचा पंप आणि एका कारागिराची दुरुस्ती-सेवा

पुण्यातल्या सहकारनगर, बिबवेवाडी आणि धनकवडी या भागांत घरी येऊन पंप दुरुस्त करून देणाऱ्या एका कारागिराच्या कामाबद्दल हा अभिप्राय आहे. त्यांचे दुकान लहान आहे, मदतीला एकच मुलगा असतो आणि पावसाळ्यात हातातले काम उरकता उरकत नाही, म्हणून नाव व दूरध्वनी क्रमांक जाहीरपणे देऊ नये असे त्यांनीच सांगितले आहे. तरीही सविस्तर लिहावेसे वाटले, कारण पंपाने पाणी उचलणे बंद केले की थेट मोटारीवर ठपका ठेवण्याची पद्धत सगळीकडे रूढ झाली आहे आणि या कारागिरांनी दोष शोधताना पाळलेला क्रम प्रत्येक घरात माहीत असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आमच्या घराच्या गच्चीचे पाणी अंगणाखालच्या १०,००० लिटरच्या टाकीत साठते. गच्ची सुमारे १०० चौरस मीटरची आहे. अशा गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस झाला की १,००० लिटर पाणी पडते आणि त्यातले वाया जाणारे वजा केले तरी ८०० लिटरच्या आसपास टाकीत येते. बाग, अंगण धुणे आणि शौचालयांची वेगळी टाकी या तिन्ही गोष्टी त्यावर भागतात. ही व्यवस्था करणाऱ्या घरांना पुणे महानगरपालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, पण खरा लाभ कराचा नसून पिण्यायोग्य पाणी झाडांना न घालण्याचा आहे. टाकीतले पाणी वर चढवण्यासाठी अर्ध्या अश्वशक्तीचा सेल्फ प्रायमिंग (आतली हवा स्वतः बाहेर काढणारा) मोनोब्लॉक (मोटार व पंप एकाच अंगात असलेला) पंप टाकीशेजारच्या ओट्यावर बसवला आहे. उन्हाळ्यात टाकी कोरडी पडते, पंप काही महिने तसाच उभा राहतो आणि जूनमध्ये पहिल्या दमदार पावसानंतर बटण दाबले की त्याची खरी परीक्षा होते. या वर्षी बटण दाबल्यावर मोटारीतून केवळ घुमल्यासारखा आवाज आला, पंप फिरला नाही आणि थोड्याच वेळात एमसीबी (जास्त वीज ओढली गेल्यास पुरवठा तोडणारे बटण) पडला.

सुरुवातीला दूरध्वनीवरून नोंदणी करून बोलावलेल्या दुसऱ्याच एका सेवेचा माणूस आला होता. त्याने पंपाला हात लावून पाहिला, वायंडिंग (मोटारीतले तारेचे वेटोळे) जळाले आहे असे सांगितले आणि रिवायंडिंग, म्हणजे ते नव्याने गुंडाळणे, किंवा नवा पंप असे दोनच पर्याय ठेवले. पंपाचे एकही झाकण उघडले गेले नाही, टाकीत डोकावणे तर दूरच. त्याचे भेटीचे शुल्क मात्र पूर्ण द्यावे लागले.

त्यानंतर आलेल्या या कारागिरांनी पंपाकडे वळण्यापूर्वी विचारपूस केली: पंप शेवटचा कधी चालला होता, बंद करण्याआधी पाण्याची धार बारीक झाली होती का, आणि टाकीत आता पाणी किती आहे. वीजपुरवठा पूर्ण तोडून आणि मोटारीला सुरू व्हायला मदत करणाऱ्या कपॅसिटरमध्ये उरलेला विद्युतभार काढून टाकून त्यांनी मागचे पंख्याचे झाकण उघडले व दांडा हाताने फिरवून पाहिला. तो हलला नाही. मोटार घुमते याचा अर्थ तिच्यापर्यंत वीज पोचते आहे. फिरत नाही याचा अर्थ कपॅसिटर कमजोर आहे किंवा फिरणारा भाग अडकला आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. या प्रकारच्या पंपांत पितळी इंपेलर (पाणी ढकलणारे चाक) आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती यांच्यात अगदी नाममात्र फट असते. पंप महिनोन्महिने बंद राहिला की या फटीत गंज, गाळ आणि क्षार धरतात आणि इंपेलर चिकटून बसतो. अशा अवस्थेत बटण दाबून ठेवले तर मोटार नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि तेव्हा मात्र वायंडिंग खरोखरच जळते. म्हणून घुमण्याचा आवाज ऐकताच बटण बंद करावे, पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये.

त्यांनी पुढचे बोल्ट सोडून पंपाचा पुढचा भाग उघडला, इंपेलर काढून त्यावरची तांबूस खपली घासून साफ केली, जोडातून पाणी गळू न देणारे नवे पॅकिंग घातले आणि दांडा दोन बोटांनी फिरेपर्यंत पुढचे काम केले नाही. कपॅसिटरवर छापलेला आकडा आणि मीटरवरचा आकडा ताडून पाहिला, दोन्ही वायंडिंगचा रोध मोजला आणि वायंडिंगमधून पंपाच्या अंगात वीज उतरत नाही ना, याचीही खात्री केली. हे सारे झाल्यावर पंप सुरू केला, मोटार किती वीज ओढते हे मोजणारा क्लॅम्प मीटर तारेवर लावला आणि मला म्हणाले, “काकू, मोटार चांगली आहे. पाणीच तिच्यापर्यंत पोचत नाही.”

खरोखरच पंप फिरत होता, पण नळाला थेंबही नव्हता, आणि कौशल्याचा भाग येथून पुढे होता. सेल्फ प्रायमिंग या नावामुळे बऱ्याच जणांना असे वाटते की हा पंप कोरडा असला तरी पाणी ओढून घेतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात पाणी भरलेले असल्याशिवाय तो हवा बाहेर काढू शकत नाही. त्यांनी वरचे बूच उघडून काठोकाठ पाणी भरले आणि पंप सुरू न करता शांतपणे त्या भोकाकडे पाहत राहिले. पाणी हळूहळू खाली सरकत गेले. याचा अर्थ टाकीत बुडालेला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या खालच्या टोकाला पाणी परत जाऊ न देणारा झडपेचा भाग, पाणी धरून ठेवत नव्हता. सक्शनचा, म्हणजे टाकीतून पाणी ओढणारा, पाइप वर काढल्यावर व्हॉल्व्हची जाळी गाळाने माखलेली दिसली आणि आतली झडप अर्धवट उघडी राहिलेली होती. झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये गुलमोहराची इवलीशी पाने एकावर एक दाबून बसली होती. गच्चीच्या नळाला जाळी आहे, परंतु गुलमोहराचे पान तिच्या छिद्रांतून सहज निसटते. पुण्यातील ज्या घरांवर गुलमोहर वाकलेला आहे, त्या प्रत्येक घराने ही गोष्ट लक्षात ठेवावी आणि गच्चीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी. झडपेचे रबरही कडक झाल्यामुळे त्यांनी नवा पितळी फूटव्हॉल्व्ह बसवला आणि तो गाळात रुतू नये म्हणून तळापासून सुमारे फूटभर वर राहील अशी पाइपची लांबी ठेवली.

यानंतर पाणी आले, पण धार सलग नव्हती. मध्येच हवा सुटायची, मध्येच पाणी. येथे थांबून “चालेल” म्हणणारे बरेच असतात. हे थांबले नाहीत. पंपातून पाणी वर नेणाऱ्या डिलिव्हरीच्या पाइपला भोक पडले तर पाणी गळून दिसते. सक्शनच्या पाइपला पडले तर बाहेर काहीच गळत नाही, उलट आत हवा ओढली जाते, त्यामुळे हा दोष डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून मळलेल्या कणकेचा गोळा मागितला आणि चालू पंपाच्या सक्शनच्या प्रत्येक जोडाभोवती तो एकामागून एक लिंपत गेले. पंपाजवळच्या युनियनवर (उघडता येणाऱ्या जोडावर) कणीक बसताच आवाज बदलला आणि काही क्षणांत धार सलग झाली. युनियन उघडल्यावर आतली रबरी रिंग उन्हाने वाळून चिरलेली निघाली. ती बदलली आणि दोष संपला. एवढ्या साध्या वस्तूने इतका नेमका शोध घेतलेला मी यापूर्वी पाहिला नव्हता.

पंप कोठे बसवावा याबद्दलही त्यांनी मोलाचे सांगितले. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण ते वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ तोलतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ९.७ मीटरच्या आसपास भरतो, आणि जोड, वळणे व पाइपमधले घर्षण धरता घरगुती पंपाने सहा मीटरपेक्षा जास्त खोलीवरून पाणी उचलावे अशी अपेक्षा ठेवू नये. टाकी त्याहून खोल असेल तर पाण्यातच बुडणारा ओपनवेल पंप घ्यावा. सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नसावा आणि पंपाकडे जाताना तो सतत चढता असावा, कारण मध्ये उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकते. आणखी एक गोष्ट मला नवीन होती: या प्रकारच्या पंपाची डिलिव्हरी बंद केली तर मोटारीवरचा भार वाढतो, म्हणून धार कमी करण्यासाठी व्हॉल्व्ह आवळून ठेवणे घातक आहे.

खर्चाबाबत तक्रार नाही. भेटीचे शुल्क, फूटव्हॉल्व्ह, पॅकिंग आणि रिंग मिळून झालेली रक्कम नव्या पंपाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी होती आणि काढलेले जुने भाग त्यांनी न मागता दाखवले. उणिवा सांगायच्या तर वेळ पाळली गेली नाही. सकाळी येतो म्हणून सांगितले होते, ते दुपार उलटल्यावर आले. लेखी बिल मागितल्यावरच मिळाले. अर्थिंगची तपासणीही मी आठवण केल्यानंतर झाली, आणि ओल्या अंगणात बसवलेल्या पंपाच्या बाबतीत ही बाब त्यांनी आपणहून प्रथम करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, हे आम्ही नंतर इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले.

पाणी संपल्यावर पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवण्याचा त्यांचा सल्ला मी मानला. कोरडा पंप चालला तर दांड्यावरचे सील पाण्याअभावी तापून खराब होते आणि मग पाणी दांड्यावरून मोटारीकडे झिरपू लागते. एका सीलच्या हयगयीने मोटार जाते ती अशी. उन्हाळ्यात टाकी रिकामी असली तरी पंधरवड्यातून एकदा पंपात पाणी भरून अर्धा मिनिट फिरवावा, म्हणजे इंपेलर चिकटणार नाही, असेही त्यांनी सांगितले.

अशा कोणत्याही कारागिराला बोलावताना टाकीत निदान फूटव्हॉल्व्ह बुडेल इतके पाणी ठेवावे, कारण पाण्याशिवाय सक्शनचा दोष तपासताच येत नाही. पंपावरची पाटी पुसून तिचे छायाचित्र आधीच पाठवले, तर योग्य मापाचे पॅकिंग आणि कपॅसिटर घेऊनच ते येतात व दुसरी फेरी वाचते.