ॲल्युमिनियम बॉडीचा १६ सीसी गिअर पंप: कोणत्या कामाला घ्यावा, कोणत्या कामाला नको

हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात नुसतं 'गिअर पंप द्या' म्हटलं की काउंटरवर बहुतेक वेळा हाच येतो. ग्रुप २ (पंपाच्या आकाराचा वर्ग), ॲल्युमिनियमची बॉडी, ३६.५ मिमीचा पायलट (पंप मध्यावर बसवणारा गोल उंचवटा), १:८ टेपरचा शाफ्ट, चार बोल्टचा फ्लँज. टिपिंग ट्रॉल्या, छोटे प्रेस, सिझर लिफ्ट, वर्कशॉपमधले पॉवर पॅक सगळीकडे तोच दिसतो. कंपनी कुठलीही असो, आतली रचना जवळपास सारखीच असते. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या घडणीच्या पंपाचं आहे. माप १६ सीसीचं घेतलंय, कारण १० एचपीच्या मोटरला तेच सर्वात जास्त जोडलं जातं.

निकाल आधीच सांगतो. १६०-१७५ बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) थांबत-थांबत चालणाऱ्या कामाला एवढ्या पैशात याहून चांगला पंप मिळत नाही. तासन् तास दाब धरून बसायचं काम असेल तर हा घेऊ नका, तिथे दाब भरला की प्रवाह आपोआप कमी करणारा पिस्टन पंप लागतो.

आता हिशोब. १६ सीसी म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात १६ घन सेंमी तेल. १४४० आरपीएमला कागदावर २३ लिटर प्रति मिनिट होतात. नवा, चांगला पंप १७५ बारवर त्यातलं साधारण ९४ टक्के, म्हणजे २१.६ लिटर देतो. राहिलेलं १.४ लिटर आतल्या आत परत सक्शनकडे, म्हणजे तेल ओढणाऱ्या बाजूकडे जातं. टॉर्क काढायचा तर सीसी गुणिले बार, भागिले ६२.८, आणि घर्षणापोटी पुन्हा भागिले ०.९. १६० बारला हा ४५ न्यूटन-मीटर येतो, म्हणजे १४४० फेऱ्यांना ६.८ किलोवॅट. १० एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटर हे आरामात ओढते. १८० बारला तोच आकडा ७.७ वर जातो आणि मोटर ओव्हरलोड होते. कॅटलॉगमध्ये २५० बार छापलेलं असलं तरी १० एचपीवर ते वापरताच येत नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही. आणि कॅटलॉगमधला दाब तीन प्रकारचा असतो: सतत चालवायचा, थोडा वेळ चालणारा आणि क्षणिक झटक्याचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात येतो तो बहुधा तिसरा.

आत उघडून बघितलं तर दोन गिअर, दोन्हीकडे थ्रस्ट प्लेट (गिअरच्या तोंडाला टेकून बसणारी चपटी प्लेट) आणि शाफ्टला आधार देणारे, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर असलेले बुश. तेल दोन गिअरच्या मधून जातं असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं म्हणजे ते दातांच्या खाचांत बसून बॉडीच्या कडेकडेने बाहेरून फिरतं, आणि जिथे दात एकमेकांत अडकतात तिथे त्याची परतीची वाट बंद होते. मॉड्यूल (दाताच्या मापाचा आकडा) ३ आणि १२ दाते धरले तर १६ सीसीला गिअरची रुंदी साधारण २३-२४ मिमी लागते. त्याच ग्रुपमध्ये सीसी वाढवायचं तर रुंदीच वाढवावी लागते, बुशवरचा भार वाढतो, म्हणून मोठ्या सीसीला चालायचा दाब उतरतो. ८ सीसीच्या पंपाचे बार बघून २५ सीसीचा घेणं इथे अंगाशी येतं.

हा भार किती असतो याची कल्पना नसते. एका बाजूला १७५ बार, दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य. त्यामुळे प्रत्येक गिअर सक्शनच्या बाजूला दाबला जातो, आणि वर धरलेल्या १६ सीसीच्या मापांना हे बळ दीड टनाच्या आसपास जातं. गिअर थोडा सरकतो आणि दातांची टोकं बॉडीचा ॲल्युमिनियम खरवडतात. हे मुद्दामच होऊ दिलेलं असतं. कारखान्यात टेस्ट बेंचवर नवा पंप दाबाखाली चालवून हा ट्रॅक पाडून घेतात, म्हणजे दात आणि बॉडीत फट उरत नाही. दुकानात घेताना सक्शन पोर्टचं बूच काढून टॉर्चने आत बघा. गिअरच्या रुंदीएवढा, एकसारखा, चकाकणारा पट्टा दिसला तर पंप बेंचवर चालवलेला आहे. पट्टा नसेल, आतलं मशिनिंग जसंच्या तसं असेल, तर तो तुमच्याच मशीनवर पहिल्यांदा चालणार आणि निघालेला कीस तुमच्याच व्हॉल्व्हमध्ये जाणार.

या घडणीतली खरी हुशारी थ्रस्ट प्लेटमागे आहे. तिथे मराठी ३ च्या आकाराचं सील असतं. त्याच्या एका बाजूच्या भागात आउटलेटचा दाब पोचतो आणि प्लेटला मागून गिअरच्या तोंडावर दाबून धरतो. दाब वाढला की पकडही वाढते. फटीतून जाणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणूनच प्लेटवरचा एखादा ओरखडा फक्त दिसायला क्षुल्लक असतो. स्वस्त पंपात हे सील आणि त्यामागची बॅकअप रिंग कमी प्रतीची निघते, गरम तेलात कडक होते आणि पंप 'प्रेशर बनवत नाही'.

आता सर्वात जास्त येणारी तक्रार: ट्रॉली सकाळी उचलते, दुपारी उचलत नाही. गळती दाबावर, फटीवर आणि तेलाच्या पातळपणावर ठरते, फेऱ्यांवर जवळजवळ नाही. १४४० फेऱ्यांना १.४ लिटर गळती म्हणजे ६ टक्के. तोच पंप पीटीओला (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टला) थेट ५४० वर जोडला तर एकूण ८.६ लिटरच येतात आणि तीच गळती १६ टक्के होते. ट्रॅक्टर रेसवर नसेल, फेऱ्या ३०० वर असतील, तर ४.८ लिटरमधून १.४ गेले. वरून तेल तापलं की व्हीजी ६८ तेलाची व्हिस्कॉसिटी (जाडपणा) ४० अंशांना ६८ असते ती ७० अंशांना २० च्या आसपास येते, आणि गळती तिपटीहून जास्त होते. मग ४.८ मधलं हातात काहीच उरत नाही. पंप बिघडलेला नसतो, चुकीच्या फेऱ्यांवर चालवलेला असतो. पीटीओला स्टेप-अप गिअरबॉक्स लावा. १:३ चा असेल तर ५४० चे १६२० होतात आणि तोच पंप दुपारीही ट्रॉली उचलतो. प्रवाह मग जास्त वाटत असेल तर सीसी कमी करा.

तेल तापण्याचं मुख्य कारण पंप नव्हे, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की तेल टाकीत सोडणारा). सिलिंडर शेवटाला पोचलाय आणि ऑपरेटरने लिव्हर सोडलेला नाही, अशा वेळी २१.६ लिटर तेल १७५ बारवरून रिलीफमधून टाकीत पडतं. म्हणजे ६.३ किलोवॅटचा हिटर. ६० लिटरच्या टाकीत तेल दर मिनिटाला साडेतीन अंशांहून जास्त तापतं. प्रेसवर दाब धरायचा असेल तर पायलट चेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमधलं तेल अडवून धरणारा) लावून पंप अनलोड करा, म्हणजे बिनदाबाचा फिरू द्या, रिलीफवर सोडू नका.

आवाज हा या पंपाचा उघड दोष आहे. १२ दाते आणि १४४० फेऱ्या म्हणजे २८८ हर्ट्झचा एकसुरी गुणगुणाट, आणि टाकीच्या झाकणावर पंप बसवला असेल तर झाकणच स्पीकर होतं. शांत हवा असेल तर मार्झोक्कीचा एलिका किंवा बॉश रेक्सरॉथचा सायलेन्स यांसारख्या मालिका आहेत, पण किंमत वेगळ्याच पायरीवर जाते. लिफ्टला किंवा दवाखान्यातल्या टेबलला तो खर्च करावा, ट्रॉलीला करू नये.

आवाज एकसुरी न राहता खडखडू लागला तर मात्र सक्शन बघा. इनलेटला ०.७ बार ॲब्सोल्यूटपेक्षा (निर्वातापासून मोजलेल्या दाबापेक्षा) कमी दाब चालत नाही. व्हॅक्यूम गेज लावलं तर २२५ मिमी पाऱ्याच्या वर काटा जाता कामा नये. २३ लिटरला सक्शन होज एक इंचीच घ्या. पाऊण इंचात तेलाचा वेग १.३ मीटर प्रति सेकंदाच्या वर जातो, आणि थंडीत जाड तेल येतच नाही. स्ट्रेनर (सक्शनची जाळी) चोंदला असेल तर खडे घोळल्यासारखा आवाज येतो आणि प्लेटवर बारीक खड्डे पडतात. होजच्या क्लॅम्पमधून हवा ओढली जात असेल तर आवाज तसाच येतो, पण टाकीतलं तेल दुधट होतं. दोन्हींवर इलाज वेगळा, म्हणून आधी टाकीत बघा.

फिरण्याची दिशा शाफ्टकडून बघून ठरते. ड्राइव्ह शाफ्ट वरच्या बाजूला धरला आणि तो घड्याळाप्रमाणे फिरत असेल, तर सक्शन डाव्या हाताला. एकाच दिशेच्या पंपात ऑइल सीलमागचं तेल आतून सक्शनला जोडलेलं असतं. मोटरच्या दोन फेज उलट झाल्या की तिथे दाब येतो आणि सील क्षणात उडतं. नवा पंप लावल्या-लावल्या शाफ्टमधून तेल उडालं तर पंपाला शिव्या घालण्याआधी फेज तपासा.

कपलिंगचंही तसंच. हा शाफ्ट फक्त पिळ घेतो, बाजूचा ओढ नाही. थेट पुली आणि बेल्ट लावला की बुश एका बाजूने झिजलाच समजा. बेल्ट हवाच असेल तर वेगळ्या बेअरिंगचा सपोर्ट द्या. कपलिंग हातोडीने ठोकून बसवलं तर गिअर थेट थ्रस्ट प्लेटवर आदळतो. दोन अर्ध्यांमध्ये २-३ मिमी फट ठेवा.

दुरुस्तीबद्दल सरळ बोलायचं तर सील किट ही बाहेर गळणाऱ्या पंपासाठी आहे. आतून झिजलेल्या पंपाला तिने काही होत नाही. थ्रस्ट प्लेट पॉलिश पेपरवर घासून 'नवी' करून देणारे गल्लोगल्ली आहेत. घासल्याने प्लेट पातळ होते, बॉडीची खोली तेवढीच राहते, मागच्या सीलवरचा दाब कमी होतो आणि महिन्याभरात पंप परत येतो. उघडल्यावर काय दिसतं त्यावर ठरवा. प्लेट धूसर, वाळू मारल्यासारखी असेल तर तेलात घाण आहे, रिटर्नला १० मायक्रॉनचा फिल्टर लावल्याशिवाय नवा पंप बसवू नका. सक्शनकडचा ट्रॅक नखाला ठळक अडकत असेल तर दाब मर्यादेबाहेर गेलाय, गेज लावून रिलीफ तपासा. शाफ्ट निळा पडला असेल तर पंप कोरडा चालला. ट्रॅक खोल झाला की बॉडी संपली, पैसे नव्या पंपात घाला. कास्ट आयर्नचा पंप जास्त दाब आणि उष्णता सोसतो, पण वजन बरंच जास्त असतं. खाणीत किंवा लोडरवर तो ठीक, ट्रॉलीला गरज नाही.

झीज मोजायची तर लोड व्हॉल्व्ह (वाट आवळून दाब चढवणारा) आणि फ्लो मीटर लावा, तेल ५० अंशांवर आणा आणि १७५ बारवर प्रवाह बघा. २१ लिटरच्या वर असेल तर पंप ठणठणीत. १८ च्या खाली आला की बदला.

बसवल्यावर पहिल्यांदा चालू करताना इनलेटमधून पंपात तेल भरा, रिलीफ पूर्ण सैल करा आणि मोटरला एक-दोन झटके देऊन दिशा बघा. मग बिनलोड पाच मिनिटं चालवा, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. त्यानंतर ५०-५० बारने दाब वाढवत न्या आणि प्रत्येक टप्प्याला बॉडीवर हात ठेवून बघा. टाकीपेक्षा पंप खूपच जास्त तापत असेल तर तिथेच थांबा आणि कपलिंग सोडून अलाइनमेंट पुन्हा तपासा.